जुलैचा पहिला आठवडा

फोर्ट वेन, १२ जानेवारी १९९३

ती. व्हर्नाताईस गेलीनचा सा. न. वि. वि.

आम्ही ऑरलँडोला घर घेतलं. अख्खं नव्हे, दरवर्षी जुलैचा पहिला आठवडा तेवढा आमचा, पण तो जन्मभर. रसेल म्हणतो, हॉटेलचे पैसे वाचून काही वर्षांत घर फुकटात पडेल. यंदा आईला मीच नेते. तळ्यावरच्या त्या लाकडी खोलीत तू तरी तिला किती वर्षं डासांत बसवणार? रागावू नकोस. मर्लभाऊजींना नमस्कार.

तुझी माया असू दे.
गेलीन

टोलीडो, २० मार्च १९९४

चि. गेलीन हिस अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या घराचं कळल्यापासून माझ्या पोटात दुखतंय, सांगूनच टाकते. तळं आपलं लहानपणापासूनचं; अलीकडे खोली मी भाड्याने घ्यायची, मासे आईने तळायचे. गेल्या जुलैत तिथे मी आणि मर्ल दोघंच. आईची खुर्ची आत उचलून ठेवली, बघवेना.

म्हणून गेल्या शनिवार-रविवारी मर्लला घेऊन तुझं ते घर बघून आले. फुकटचा नाश्ता देऊन बसवतात, तुला ठाऊकच आहे. दीड तास म्हणाले आणि दुपार केली. बोलता बोलता मी तुझं नाव सांगितलं. विकणारा गोड हसून म्हणाला, की धाकट्या बहिणीने एका खोलीचं घेतलंय, तुम्हाला दोन खोल्यांचं शोभेल. मर्ल टेबलाखालून माझा पाय दाबत होता, तरी मी सही केली. आठवडा तोच, मजला तुझ्या वरचा. आता आई माझ्याकडे उतरेल. मर्लला रजा वर्षाला त्या एका आठवड्याचीच मिळते, त्यामुळे तळ्यावरच्या मालकाला खोली नको म्हणून कळवलं.

आशीर्वाद आहेतच.
व्हर्ना

फोर्ट वेन, ९ एप्रिल १९९४

ती. व्हर्नाताईस सा. न.

ताई, हे काय करून बसलीस? तू तळ्यावर जे भाडं द्यायचीस, त्याहून जास्त आम्ही तिथे नुसत्या देखभालीचे भरतो, आणि ते दरवर्षी वाढतात. विमानभाडं वेगळंच. विकायला काढलं तर फुकटसुद्धा कोणी घेत नाही. तुला बोलले नाही, कारण तू जळतेस हे बघून मला बरं वाटत होतं. आईच्या तोंडी कायम व्हर्नाची खोली, व्हर्नाचं तळं. एकदा तरी तिने माझ्या घराचं कौतुक करावं म्हणून मी हे घेतलं. ती आठवडाभर शाल पांघरून एसीच्या गार हवेत बसली आणि तळ्यातल्या माशांबद्दल बोलली.

तरी यंदा ती माझ्याकडेच उतरेल. मी आधी विचारलंय.

राग विसरून लिही.
गेलीन

लायमा, २ मे १९९४

चि. व्हर्ना व चि. गेलीन, दोघींना आशीर्वाद.

एक लिहिते वरच्या मजल्यावर ये, दुसरी लिहिते खाली. मी दोन्हीकडे येत नाही. तळ्यावरची खोली रिकामी असल्याचं मालकाने कळवलं, ती मीच घेतली. शेजारच्या डोरिसची लेक लोर्ना गाडी चालवेल. तुम्हालाही बोलावलं असतं, पण तुमचा आठवडा जन्मभरासाठी तिकडे गेला म्हणता. लोर्नाला मक्याच्या पिठात मासे घोळवायला शिकवलंय. तुमच्यापेक्षा हात हलका आहे तिचा.

लोभ दोघींवर सारखाच आहे, मजले मोजू नका.
आई

ता. क. लोर्ना परवापासून मला आई म्हणते. मी नको म्हटलेलं नाही.