येतोस की येतेस

३ फेब्रु.
गिरणीच्या गेटवर जाऊन आलो. तेच. संप मिटत नाही, भोंगा वाजत नाही. दुपारभर आईच्या खाणावळीत चपात्या लाटल्या. जेवणारे निम्मे गावी गेलेत, तरी कणीक तेवढीच मळते म्हातारी.

संध्या. मंडळात तालीम. माघी गणपतीचा दशावतार. लिहिलेलं काही नसतंच, तालीम घेणाऱ्या नानांनी नुसती गोष्ट सांगितली, बोलायचं ज्याचं त्याने उभ्या उभ्या. कनकनगरीच्या राजाला पोर होतं. ज्योतिषी म्हणतो मुलगा, म्हणून राजपुत्र करून वाढवतात. शेवटी ते पोर लुगडं नेसून दरबारात येतं, मी मुलगी म्हणून सांगतं. ते पोर मी. राजा वसंता, माझ्याच गिरणीतला.

तालीम संपली आणि तोंडातून गेलं, "नाना, दमले मी." पोरं खो खो. वसंता तेवढा हसला नाही.

५ फेब्रु.
नाना : "दत्ता, राग मानू नको. पुढच्या खेपेपासून नटी आणायची. लोकांना आता खऱ्या बायका लागतात. तू राक्षस कर, उंची आहे."

खऱ्या म्हणे! बोंबला.

रंग लावला की 'आले, गेले' बोलता येतं. तेवढा वेळ जीव थाऱ्यावर असतो. बाकी दिवसभर आलो, गेलो, जेवलो. मी बाईच आहे, हे इथे लिहितानाही हात अडतो. आता राक्षस करायचा, झालं. कंटाळा आलाय सगळ्याचा.

६ फेब्रु.
आई जिन्यात : "झिला, खंय जातंस?"
मालवणीत बरं असतं. झिलालाही जातंस, चेडवालाही, म्हणजे मुलीलाही, जातंस. मुलग्याला म्हणायचा 'झिला' तेवढा आडवा येतो. वसंता चाळीतच वाढलेला, त्याचं बोलणं मुंबईचं. तो आपला "येतोस काय रे, दत्त्या."

९ फेब्रु.
खेळ झाला. पोलिसांची परवानगी दहापर्यंत, म्हणून उन्हं कलतानाच तोंड रंगवलं. लुगडं आईचंच, हिरवं.

दरबारात राजाने पोराला पोटाशी धरायचं की गणपतीची आरती, असं ठरलं होतं. वसंताने हात पसरले. मी गेलेच नाही. काय शिरलं अंगात कोण जाणे. म्हटलं, "महाराज, ज्योतिषी सांगतो ते खरं, की मी सांगते ते?"

वसंताचे हात तसेच पसरलेले. पेटीवाल्याने नुसता सूर धरून ठेवला. नाना विंगेतून हात करताहेत, आवर आवर. मला वाटलं, मेले आता, हा हसण्यावारी नेणार.

मग वसंता म्हणाला, "आजपासून कनकनगरीत ज्याचं त्याने सांगायचं. दरबार ऐकेल. ज्योतिषाला कोणी विचारायचं नाही."

टाळ्या. खुर्च्या वाजवल्या पोरांनी. त्यांना वाटलं, काय डायलॉग टाकला!

घरी आई तोंडावरचा रंग खोबरेलाने पुसत होती. "रडलंय मी," म्हणाली. मग हात थांबवून, "तू बोललंस ता नाटकातला मां?"
मी डोळे मिटून घेतले. ती पुसत राहिली.

१० फेब्रु.
नाना खूष, पण नटी येणारच. कनकनगरी गुंडाळून माळ्यावर गेली. आज परत चपात्या. खांदे भरून आलेत. काल वसंता काय बोलला त्याचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. राजा होता म्हणून बोलला. एरवी नळावर विडी ओढणारा वसंता वेगळा.

१३ फेब्रु.
वसंताला भिवंडीत पॉवरलूमवर काम लागलंय. सोमवारी निघतो. खोलीही बघितलीय, दोघांना पुरेल म्हणतो.

सकाळी मी गॅलरीत तांदूळ निवडत होतो. खाली नळावर ही गर्दी. मधे उभा राहून त्याने हाक मारली, नेहमीसारखीच, मोठ्याने,
"दत्त्या, भिवंडीला येतेस का?"

कोणी वर बघितलं नाही. बादल्या भरत होत्या. चुकला असेल. कालपरवाच्या खेळाची जीभ असेल. पण विडी विझवून तो तिथेच उभा, मान वर करून.

आत आई ऐकत होती, तिचा लाटण्याचा आवाज थांबला.

"सोमवारी सांगते," म्हणाले.