सरळ केलेला गालिचा

ऐत हम्मू,
बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय तुदा,

सलाम. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असाल. डोंगरावर बर्फ पडलं, मेंढ्या खाली आणल्या. तुझ्या कासाब्लांकाच्या नव्या घराचे फोटो पाहिले. एवढ्या मोठ्या खोलीत तुझा नवरा घोरला की आवाज घुमत असेल.

गालिच्याचं काम केलं. ‘हातानं विणलेला हवा, अस्सल हवा, कुणी फसवायला नको,’ असं तू चारदा बजावलंस. जशी काही मी लहानपणी मागाखाली रांगलेच नाही. तरी गेल्या आठवड्यात मंगळवारच्या बाजारात सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक गालिचा उलटा करून गाठी पाहिल्या, ओल्या बोटानं लोकर चोळून वास घेतला. निम्मे तर उन्हात टाकून मुद्दाम जुने केलेले. गालिचेवाल्या लहसननं चहा पाजला आणि एक गालिचा पुढ्यात अंथरला. त्याच्या चौकड्या एका बाजूला कललेल्या होत्या.

“हा वाकडेपणा बघ, इझ्झाताई. यंत्राला जमेल का? शहरातली माणसं यावरच तर भुलतात.”

“कुणाला शिकवतोस?” म्हटलं आणि उठले. चहा अर्धाच राहिला.

घरी येताना ठरवलं, आईचाच पाठवायचा.

मार्चमध्ये आई गेली आणि तू तीन दिवसांसाठी आलीस, तेव्हा तो मागावरच होता, अर्धा, चादरीखाली. आईनं विणणं का सोडलं, असं तू विचारलं होतंस. डोळे गेले म्हणून, असं मी सांगितलं. डोळे गेले होते, ते खरंच. पण त्यामुळे नाही सोडलं.

मागच्या हिवाळ्यात तिची मोजणी चुकू लागली. चौकड्या डावीकडे झुकू लागल्या. गावातल्या पोरींना तिनं विणायला शिकवलेलं, आणि तिच्याच मागावर हे. मला लाज वाटली. एका दुपारी ती हेज्जोमावशीकडे बसायला गेली, तेव्हा मी वीतभर विणलेलं उसवून टाकलं. नंतर रोज चार ओळी सरळ विणून देऊ, एवढाच विचार होता.

दुसऱ्या दिवशी ती मागाशी बसली आणि बराच वेळ बोटांनी चाचपत राहिली.

“इझ्झा, मी इथवर आले होते ना गं?”

“नाही आई. तुला नीट आठवत नाही.”

“असेल,” म्हणाली. फणी खाली ठेवली. पुन्हा मागाशी बसली नाही.

त्यानंतर ती सगळंच मला विचारायला लागली. मी जेवले का? माझी नमाज झाली का? तुदाचा फोन आला होता का? मी सांगेन ते खरं धरायची. मरेपर्यंत तसंच चाललं.

उन्हाळ्यात उरलेला गालिचा मी विणायला घेतला. आधी तिच्या वाकड्या ओळी पुन्हा विणून पाहिल्या. नाही जमलं. मुद्दाम वाकडं विणलेलं लगेच ओळखू येतं. मग सरळच विणत गेले.

परवा मागावरून कापला. हेज्जोमावशी आणि आणखी दोघी आल्या, पुरुषांना बाहेर काढलं. मागावरून सुटताना गालिचा मरतो, म्हणून त्याला पाणी घालायचं असतं. आईला आंघोळ मीच घातली होती, यालाही मीच घातली. हेज्जोमावशी रडल्या. मला काही वाटलं नाही. वाटेल म्हणून थोडा वेळ थांबले, मग भट्टीतली भाकरी बघायला गेले.

शुक्रवारच्या बसनं गालिचा येईल, ड्रायव्हर ओळखीचा आहे. हे पत्र गालिच्याच्याच गुंडाळीत घालते, फोनवर मला बोलता आलं नसतं. लाल पट्ट्यापर्यंत आईचा हात आहे, त्यावर माझा. लहसनच्या हिशेबानं तो अस्सल नाही, कारण वाकडं कुठेच नाही. उसवलेल्या लोकरीचे तुकडे मी फेकले नव्हते. ते आत छोट्या पिशवीत आहेत, मूठभरच भरतील. गालिचा ठेवायचा की परत पाठवायचा, ते तू ठरव. ती पिशवी मात्र तिकडेच राहू दे.

मुलांना पापा.

जिला सगळं नीट आठवतं ती तुझी बहीण,
इझ्झा