मागचा बंपर आणि बाराची घंटा

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

पिकअपचा मागचा बंपर गेला. मधोमध वाकलाय, एका बाजूने तुटून लोंबतोय. तो माझ्यामुळे गेला, हे फक्त इथे लिहिते.

काल आगेरा, नव्या पिकाचा सण. नव्या भाताची कणसं दरवर्षी आमच्याच गाडीतून चर्चला जातात, सासऱ्यांनी ती घेतली तेव्हापासून. मिस्सा झाली, परत आलो. आमच्या गल्लीत गाडी वळत नाही. गावच्या क्रूसापासून घरापर्यंत रिव्हर्स घ्यावी लागते. स्टिअरिंगवर हे, मी नेहमीप्रमाणे गाडीच्या मागे – उलटी चालत, डाव्या हाताने 'येऊ द्या, येऊ द्या'. तेवढ्यात बाराची घंटा झाली. घंटा झाली की असू तिथे उभं राहायचं, डोळे मिटून देवदूताची प्रार्थना म्हणायची, हे आईने अंगात मुरवलेलं. उभी राहिले. उजव्या हाताने क्रूसाची खूण केली, डावा तसाच वर राहिला. दुसऱ्या 'नमो मरिया'ला धाडकन आवाज.

डोळे उघडले तर गाडी क्रूसाच्या चौथऱ्यावर. माणसं जमली. शेजारचा रॉबर्ट म्हणतो, "आग्नेल काका, सरळ घरी यायचं सोडून क्रूसाला भेटायला निघालात? चष्मा बदला आता." सगळे हसले. हेही हसले. मला कोणी काही विचारलं नाही. 'थांबा' म्हणायचं काम माझं होतं, तेव्हा मी डोळे मिटून उभी होते – हे मी सांगितलं नाही.

मंगळवार, ७

ह्यांनी सिमेंट कालवून चौथऱ्याची उडालेली कोर बसवली. मी पाणी घालत होते. दोघंच होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

गुरुवार, ९

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. नंबर तोच. मोतीबिंदूही नाही. मला वाटलं, खूश होतील. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "डोळे चांगले निघाले, रोझलिन. म्हणजे आता डोळ्यांवर ढकलता येणार नाही."

घरी आल्यावर गाडीची चावी देवाच्या अल्ताराखालच्या खिळ्याला अडकवली. पापडीच्या बाजाराला केळी उद्या रॉबर्टच्या टेम्पोतून जातील. एकोणसत्तराव्या वर्षी ह्यांना वाटायला लागलंय की आपण संपलो. आणि ते वाटायला लावलं मी.

शनिवार, ११

बोळिंजहून एलिसा आली, मुलांना घरी ठेवून. म्हणजे भांडायलाच आली.

"डॅडी, पुरे आता. क्रूस होता म्हणून बरं. मागे कोणी माणूस असतं तर?"

हे भात कालवत राहिले.

"मम्मी, तू तरी बोल."

"मी काय बोलू?"

"काय बोलू म्हणजे? तूच तर म्हणतेस, ती गाडी सगळं खाते."

राजोडीला तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा रिसॉर्टवाला आहे. जुन्या गाड्या दारात उभ्या करतो, लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात. चालवणार कोणी नाही. फक्त बंपर नीट बसवून द्या म्हणतो. हे एका शब्दात "देऊ" म्हणाले. एलिसा गार पडली, तिने बराच दारूगोळा आणला होता.

हिशोबाच्या ह्याच वहीत मी किती वर्षं लिहीत आले – टायर, पासिंग, डिझेल, पुन्हा टायर. ती गाडी जावी असं मलाच वाटत होतं. तेव्हा माझं गप्प बसणं नुसतं भित्रेपणाचं नाही. त्यात माझी सोय आहे.

मंगळवार, १४

ऑस्करच्या गॅरेजमध्ये. "बाय, असला बंपर आता कुठे मिळत नाही. लोखंडी चॅनल कापून बनवू," म्हणाला. जुन्याचे बोल्ट गंजून एक झालेले. पाना लावला, फिरेनात. गॅसने लाल केले, हातोडी मारली, तेव्हा सुटले. बंपर खाली पडला तसे हे उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

नंतर आत आले. ऑस्कर टेपने माप घेत होता, त्याला थांबवलं. "टेपवर जाऊ नको. हिची उजवी बाजू अर्धा इंच खाली आहे. बाबांच्या वेळेपासून." सुतळी लावून स्वतः माप दिलं. तासभर वाकून काम केलं. नऊ दिवसांत एवढे शब्द बोलले नव्हते.

गुरुवार, १६

जपमाळ म्हणताना तिसऱ्या रहस्यावर विसरले. पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवार, १७

पापनिवेदनाला गेले. फादर तरुण आहेत, मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "घंटेला डोळे मिटलेत, त्यात पाप नाही. त्या दिवसापासून मिटलेलेच ठेवलेत, ते बघा. देवाला सांगून झालं. आता नवऱ्याला सांगा."

मी म्हटलं, "फादर, प्रायश्चित्त म्हणून दुसरं काही द्या."

"नाही. हेच."

शनिवार, १८

नवा बंपर बसला. काळा रंग दिलाय. ह्यांनी मधोमध एक पायरी वेल्ड करून घेतली. ऑस्कर म्हणाला, "काका, ती नुसती उभी राहणार. पायरी कशाला?"

"रोझलिन मागून चढते. तिचा गुडघा दुखतो."

"पण आता कुठे चढणार?"

"तू वेल्डिंग कर."

मला चढायला लावलं. पाऊल अगदी बरोबर पडलं. मी वर उभी आणि हे खालून बघतायत. तेव्हाही बोलले नाही.

उद्या दहाला रिसॉर्टवाला गाडी न्यायला येणार. त्याआधी सांगायचं. सांगून म्हणायचं – विकू नका.

रविवार, १९

मिस्सेहून येताना वाटेत सांगितलं. घंटा, मिटलेले डोळे, वर राहिलेला हात. सगळं.

म्हणाले, "आरशात दिसत होतीस की."

थोडं चालल्यावर म्हणाले, "ब्रेकवर पाय जाईना. बघतोय, पाय उचललाच जात नाही. तू हलेनास. मग स्टिअरिंग क्रूसाकडे ओढलं."

'विकू नका' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

गाडी दहाला गेली. पायासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे – गुरुवारी, सव्वाअकराला.