बटाट्याच्या सुट्टीनंतर

सेंट जॉन नदीकाठ, मेन

प्रिय रोझलिन,

काल पालकसभेला तू लेकीचा हायस्कूलचा फॉर्म घेऊन आलीस. तिला म्हणालीस, "हेच ते पेलेटिए सर. आठवीत मलाही इतिहास-भूगोल शिकवायचे. हायस्कूलवाल्यांनी मला वरच्या तुकडीत घेतलं नाही, तेव्हा एकटे भांडले होते माझ्यासाठी."

मी चष्मा पुसत बसलो.

रोझलिन, तुकडी हायस्कूल ठरवत नाही, आठवीचा शिक्षक ठरवतो. त्या वर्षी शाळेची बटाटे काढायची सुट्टी संपली, तरी तू आठवडाभर शेतातच होतीस. मला वाटलं, ही पोर शेवटी तिथंच राबायची. नदीतून जाणाऱ्या देशाच्या सरहद्दीवरचा तुझा निबंध माझ्यासमोर होता. वर्गात तसा दुसरा नव्हता. तरी मी 'साधी तुकडी'वर खूण केली. तू रडायला लागलीस, तेव्हा भांडल्याची थाप मारली.

तू गेल्यावर लेकीच्या फॉर्मवर मी वरची तुकडी लिहिली. त्यानं तुझं काय भरून निघणार? आणि हे पत्र तरी कसं टाकू? जाताना दारातून वळून तू म्हणालीस, "सर, हिच्यासाठीही तसेच भांडा हं!"

तुझ्यासाठी कधीच न भांडलेला,
आर्मंड पेलेटिए