सदतीस थरांचा काळोख

३ मार्च
मेहुणीने काढलेल्या बंद कारखान्यांच्या फोटोंचं २८ला प्रदर्शन आहे. हॉलमध्ये मागे वाजायला सहा मिनिटांचा ट्रॅक हवाय. डार्क अँबियंट, मिनिमल. म्हणजे चाल नाही, ठेका नाही, नुसते आवाजांचे थर आणि काळोख. मी करतो म्हणालो. जेवणाच्या टेबलावर एकदम शांतता पसरली. आदराने असणार. बोर्डावर ‘ध्वनी’पुढे माझं नाव येईल. ऑफिसात सांगून टाकलंय. साहेबही येणार आहेत.

४ मार्च
माइक आणला. काम उद्यापासून.

७ मार्च
मधले दिवस वाचनात गेले. फक्त तीन थर वापरायचे, एकही जास्त नाही.
फ्रिजची घरघर रेकॉर्ड केली. बायकोला दोन तास फ्रिज उघडू दिला नाही. दूध नासलं. कलेसाठी घरच्यांना थोडी झळ बसतेच.

११ मार्च
थर नऊ. लिफ्टचं दार, मिक्सर, शेजाऱ्यांचं घोरणं (भिंतीतून). प्रत्येक थर आपापल्या जागी मिनिमलच आहे.

१५ मार्च
सासरे आले होते, त्यांना ऐकवलं. दोन मिनिटं गंभीरपणे ऐकलं, मग उठून पंखा बंद केला. बेअरिंग गेलंय म्हणाले, आणि स्टूल मागितलं. मागची पिढी.

१९ मार्च
सदतीस थर. कॉम्प्युटर दोनदा हँग. आता काही ऐकूच येत नाही, नुसता गोंगाट. म्हणजे काळोख जमला. काढून टाकायला बसलो तर एकही टाकवेना. प्रत्येकासाठी मेहनत घेतलीय.

२२ मार्च, सकाळ
मेहुणी आली. एकेक थर बंद करत गेली. चेहरा परीक्षकासारखा. तेविसाव्या थरात, म्हणजे पाण्याच्या टाकीत, कुणीतरी लांब उसासा टाकला. ती ताठ बसली.
“भावजी, हेच हवं होतं. बाकी सगळं काढा.”
समजावलं की ती चूक आहे. टाकी रेकॉर्ड करताना बायकोला साबणाच्या हातांनी वीस मिनिटं नळ बंद करून उभं केलं होतं, तेव्हा तिच्या तोंडून निघालेला आवाज आहे, कापायचा राहून गेला. मेहुणीने ताईला हाक मारली आणि मिठीच मारली.

२४ मार्च
उसासा चार सेकंदांचा आहे, आणखी हवेत. पण कौतुक झाल्यापासून बायको खुशीत आहे, गुणगुणत फिरते. ओला टॉवेल पलंगावर टाकला. ती हसली. माझा भाऊ महिनाभर राहायला येतोय अशी थाप मारली. येऊ दे म्हणाली. माइक घेऊन मागे मागे फिरतोय. सगळं हसणंच रेकॉर्ड झालंय.

२६ मार्च
हात टेकले. दुपारी तिला खरं सांगून टाकलं, की मला यातलं काही येत नाही, कधीच येत नव्हतं, साहेबांना काय तोंड दाखवू. फार एकटं वाटत होतं. ती शेजारी येऊन बसली आणि असा उसासा टाकला की माझ्या अंगावर काटा आला.
माइक बंद होता.

२८ मार्च
तोच चार सेकंदांचा उसासा नव्वद वेळा जोडून दिला. हॉलमध्ये लोक स्तब्ध उभे. एक बाई डोळे पुसत होत्या. बोर्डावर ‘ध्वनी’पुढे बायकोचं नाव. माझं खाली आभारात, वॉचमननंतर.
साहेबांनी तिला विचारलं, इतका आतून कसा काढता. रोजचा सराव आहे, म्हणाली. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, यात तुमचं काय? तीच म्हणाली, “यांच्याशिवाय हे जमलंच नसतं.”
साहेबांनी माझा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हणालो.