साखळी नसलेलं पाणी

मंगळवार, दिवेलागणीला

नात प्रीती आठवडाभर बोटीवरच राहणार म्हणे, आणि रोज पाठीवर हवेची टाकी बांधून खोल समुद्रात प्रवाळ बघायला उतरणार. तिचा बाप म्हणाला, "आजी हो म्हणाली तर जा." वा भिया, लेकानं टाकलं माझ्यावर! मला पाणी माहीत ते ओंकारेश्वरच्या घाटाचं. साखळी धरायची, तीन डुबक्या, बाहेर.

"तिथं साखळी असते ना गं?"

"नाही आजी. जोडीदार असतो. तो माझ्यावर लक्ष ठेवतो, मी त्याच्यावर."

"कोण तो?"

"ते बोटीवर गेल्यावर ठरतं."

साखळी नाही, जोडीदाराचाही पत्ता नाही! सूनबाई, हसू नकोस, मी सांगते तसं लिही. नको म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. कसं काय, माझं मलाच समजेना. आता त्या बिननावाच्या माणसासाठीही देवापुढे हात जोडणं आलं.