पाचव्या मजल्याचे जोड

बेलापूर,
२ डिसेंबर १९९६

ती. हौसेरावमामांस,
नंदकुमारचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि मुक्ताबाई गावी खुशाल असाल असं धरून चालतो. मुक्ताबाईंच्या गुडघ्याला ते तेल लागू पडलं का, असं नंदिनी विचारत होती. नेरूळला आमच्या सोसायटीत आता संध्याकाळचंही पाणी येतं, तेवढीच नवी बातमी. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घ्या. बसायची जागा नीट नाही.

तुमच्या टोळीतल्या सितारामच्या पायाचं प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात निघेल. मी दोनदा भेटून आलो, पण फार वेळ बसलो नाही. तो तुमचीच चौकशी करतो. मामा असं कसं करतील, म्हणतो. मी संत्री ठेवली आणि निघालो.

तुम्ही गेल्यापासून वर आणखी दोन मजल्यांचं लोखंड चढलं. उद्या सहाव्याचा स्लॅब टाकायचं ठरलं होतं. मला मात्र जेवण जात नाही. ऑफिसात बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जावं ते कळत नाही.

बिल्डिंग कोसळली की लोकांना वाटतं लोखंड तुटलं. लोखंड सहसा तुटत नाही, जोड सुटतो. कॉलमला बीम चारी बाजूंनी धरून असतात म्हणून तो सरळ राहतो. एका मजल्याचे बीम सुटले की त्याच कॉलमला दोन मजल्यांची उंची एकट्यानं उभं राहावं लागतं, आणि मग पूर्वीच्या चौथाई भारालाही तो बाजूला लवतो. वरचे मजले त्याच्या मागोमाग खाली. मी हे पेपरात लिहून चांगले मार्क मिळवले. तुम्ही चौथीतून शाळा सोडलेली, पण तुम्हाला ते नटाला हात लावूनच कळायचं.

त्या दिवशीचं सांगतो. दसऱ्याला मुक्ताबाईंनी तेलात कालवून दिलेलं कुंकू पोरांनी पाचव्याच्या प्रत्येक जोडाला लावलं होतं. जोड पक्का आवळला की आपण त्यावर लाल रंगाची रेघ मारतो. मी चौथ्यावर उभा राहून वर पाहिलं, लाल दिसलं, आणि रजिस्टरात 'तपासले' असं लिहिलं. चूक झाली. कोणाचीही झाली असती.

हे खोटं आहे, मामा. वरचं खोडणार होतो, पण राहू दे. गेले तीन आठवडे मी स्वतःला हेच सांगतोय.

दिवाळीला निघताना तुम्ही फाटकापाशी मुद्दाम थांबला होतात. "सायेब, पाचव्याच्या जोडांस्नी नुस्तं कुंकू लागलंय, पाना लागला न्हाई. आठाच्या जागी दोनच बोल्ट हायेत. म्या येईस्तवर वर काँक्रीट पडू देऊ नगा." मी मान हलवली होती.

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी विचारलं, जोड तपासलेत का. नाही म्हटलं असतं तर, जा वर आणि तपास, असंच म्हणाले असते. मग माझे पाय कसे कापतात ते सगळ्या साइटनं पाहिलं असतं. चार वर्षं तुम्ही वर जाऊन सांगायचं आणि मी खाली लिहायचं, हे फक्त आपल्या दोघांत होतं. दोघंच असलो की तुम्ही मला 'तळमजल्याचे सायेब' म्हणायचात. चारचौघांत कधीच नाही.

मी हो म्हटलं. रजिस्टरात तारीखही मागची घातली. काँक्रीट पडलं, बीम सुटला, सिताराम खाली आला. आणि चौकशीत मी सांगितलं, की मी तपासल्यानंतर हौसेरावांनी बोल्ट सैल केले आणि तसेच ठेवून गावी गेले. चौकशीसाठी गावाहून बोलावलेले तुम्ही समोर उभे होतात. हा माणूस कधी शिडी चढत नाही, एवढं जरी बोलला असतात तरी मी संपलो असतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि टोपी उचलून निघून गेलात. ते पाहणं मला अजून सोसत नाही.

चूक एकट्या तुमची आणि त्या एकाच जोडाची ठरली, म्हणून बाकीचे कोणी उघडून पाहिले नाहीत. तेवीस जोड, माझ्या सहीचे, आणि त्यांच्यावर दोन मजले.

आज सकाळी साहेबांच्या टेबलावर सगळं लेखी दिलं. तुम्ही काय बजावलं होतं तेही शब्दाला शब्द लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माणसं खाली उतरवली, काम थांबवलं. माझं काय करायचं ते ठरवतील. नंदिनीला काल सांगितलं. ती म्हणाली, आधी मामांना कळव.

परत या असं म्हणायचा मला हक्क नाही. तुमचं नाव इथे मोकळं झालंय आणि जोड आवळायला जाणता माणूस हवाय, एवढंच कळवतो. तुमचा पाना मी जपून ठेवलाय.

तो आत्ता माझ्या मांडीवर आहे. अक्षर का हललंय ते आता सांगायला हरकत नाही. मी पाचव्यावर आहे, पडलेल्या बीमच्या शेजारच्या बीमवर. नऊ जोड पाहून झाले. पाचांचे नट बोटांनी फिरले. पाय कापतायत, खाली पाहिलेलं नाही. अजून चौदा राहिलेत.

वर चढून सही करणारा,
नंदकुमार